बीएस्सीला ॲडमिशन घेऊन नीटची तयारी कशी करायची (मी केली तशी, आणि करायला नको होती तशीपण)

आधी एक गंमत सांगते म्हणजे पुढचं वाचावंसं वाटेल. २०२४ च्या नीटला, म्हणजे मेडिकलच्या देशभरच्या प्रवेश परीक्षेला, मला ५४१ मार्क होते आणि सरकारी एमबीबीएसची सीट जवळपासपण फिरकली नाही. २०२५ ला ५०९ पडले, म्हणजे ३२ मार्क कमी, आणि ॲडमिशन झालं. आमच्या आत्याला हे अजून पटलेलं नाही, तिला वाटतं काहीतरी चिठ्ठीबिठ्ठी लागली असणार. पण खरी गोष्ट एवढीच की २०२४ ला पेपर सोपा गेला होता, ७२० पैकी ७२० वाल्यांची रांग लागली होती, आणि २०२५ ला फिजिक्सनं सगळ्यांनाच लोळवलं, देशातला पहिला मुलगाच ६८६ वर थांबला. नुसतं पास व्हायचा ओपनचा आकडापण १६२ वरून १४४ वर आला. म्हणून पहिलं काम, भिंतीवर "टार्गेट ६५०" असला कागद चिकटवला असेल तर तो काढा. मार्क दरवर्षी हलतात, रँक बघायला शिका, आणि मागच्या वर्षी आपल्या कॅटेगरीत राज्यात शेवटची सीट कितव्या रँकला गेली ते सीईटी सेलच्या (राज्यातले प्रवेश करणारं सरकारी ऑफिस) कटऑफ याद्यांमध्ये बघा. यूट्यूबवर "इतक्या मार्कांना पक्की सीट" सांगणारे लोक मागच्या वर्षीच्या पेपरवर बोलत असतात.

आता हे कुणासाठी लिहितेय. बारावी झाली, नीट फसली, आई म्हणते वर्ष वाया नको, पप्पा म्हणतात अजून एकदा बघ, शेजारचे काका न विचारता म्हणतात फार्मसीला टाका. मग मधला मार्ग म्हणून जवळच्या कॉलेजात बीएस्सी फर्स्ट इयरला नाव घालायचं आणि नीट परत द्यायची, ज्याला सगळे पार्शल ड्रॉप म्हणतात. मी हेच केलं. जत तालुक्यातलं गाव, सांगलीत तिघींत एक खोली, दोन्ही वेळचा डबा. पूर्ण ड्रॉप घेऊन लाख-दीड लाखाची रिपीटर बॅच लावायची ऐपतपण नव्हती आणि खरं सांगायचं तर हिंमतपण नव्हती.

नियमांचं आधी उरकते. नीटला वयाची वरची मर्यादा नाही, खालची आहे, ॲडमिशनच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण पाहिजेत, ती तुमची झालेलीच असणार. कितीही वेळा देता येते. बीएस्सीचे मार्क कुणी विचारत नाही, बारावीचेच धरतात, आणि बारावीला फिजिक्स केमिस्ट्री बायो मिळून ओपनला ५० टक्के आणि आरक्षणवाल्यांना ४० टक्के लागतात, म्हणजे बोर्डाच्या ३०० पैकी १५० किंवा १२०. नीटला कितीही पडले आणि हे कमी असलं तर उपयोग शून्य. ज्यांचं इथं अडतं त्यांनी बोर्डाच्या श्रेणीसुधारचा फॉर्म वेळेत भरा, माझ्या एका रूममेटचं ११६ वर अडकलं होतं आणि तिला हे ऑक्टोबरपर्यंत माहीतच नव्हतं, मग रात्री डबा तसाच ठेवून आम्ही तिघी मोबाईलवर फॉर्मची तारीख शोधत बसलो होतो.

विषय कोणते घ्यायचे हा पहिला खड्डा. सगळे सांगतात बॉटनी झूलॉजी केमिस्ट्री घे, नीटला उपयोगी पडेल. केमिस्ट्रीचा थोडाफार पडतो, पण बॉटनी-झूलॉजीत जे शिकवतात ते नीटपेक्षा एकदम वेगळ्या खोलीचं असतं, शैवालाच्या एकेका वंशाचं जीवनचक्र घोटून नीटला अर्धा प्रश्न सुटेल कदाचित. आणि मुख्य म्हणजे फिजिक्स हातातून सुटतं. बायोची मुलं रिपीट करताना आवडतं म्हणून बायोच परत परत वाचतात, मीपण तेच केलं, दिवाळीपर्यंत बायो तिसऱ्यांदा आणि फिजिक्सचं पुस्तक उघडलेलंच नाही. म्हणून शक्य असेल तर एक विषय फिजिक्स घ्या, प्रॅक्टिकलचा ताप होतो पण निदान आठवड्यातून चार तास कुणीतरी तुम्हाला त्या विषयासमोर बसवतं. नसेल शक्य तर रोजचा पहिला दीड तास फिजिक्सचा, डोकं ताजं असतानाचा, आणि तो कधीच दुसऱ्या कशाला द्यायचा नाही.

कॉलेज बघताना नावाला भुलू नका. खोलीपासून चालत जाता येईल, सकाळच्या शिफ्टचं असेल, आणि हजेरीबद्दल सरांशी सरळ बोलता येईल असं कॉलेज घ्या. मी पहिल्याच आठवड्यात एचओडी (विभागप्रमुख) मॅडमना जाऊन सांगितलं की मॅडम मी नीट परत देतेय, प्रॅक्टिकल एकही बुडवणार नाही, लेक्चरला कधी कधी दिसणार नाही. त्या म्हणाल्या जर्नल वेळेत पूर्ण पाहिजे, बाकी बघू. झालं. लपवणाऱ्या दोघीतिघींना मात्र सेमिस्टरच्या शेवटी हजेरीसाठी पालकांना घेऊन यावं लागलं. आणि सेमिस्टर परीक्षेचं म्हणाल तर पहिलं सेम दिवाळीच्या आगेमागे, त्याला आठ दिवस द्या आणि मोकळे व्हा. दुसरं सेम मात्र एप्रिल-मे मध्ये येतं आणि नीट गेली काही वर्षं मेच्या पहिल्या रविवारी असते, तेव्हा टक्कर होणारच. मी दोन विषय सोडून दिले, म्हटलं एटीकेटी तर एटीकेटी, राहिलेले विषय पुढं काढता येतात. हा निर्णय फेब्रुवारीतच घेऊन टाका, एप्रिलमध्ये घ्यायला गेलात तर पंधरा दिवस नुसता विचार करण्यात जातात.

आता अभ्यास. पेपर १८० प्रश्नांचा, १८० मिनिटांचा, ७२० मार्कांचा. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायो ९०. बरोबरला ४, चुकीला वजा १. कोरोनाच्या काळात आलेले ऐच्छिक प्रश्न आणि २० मिनिटं जास्त ही सोय २०२५ पासून बंद झाली, आम्हाला ते त्याच वर्षी जानेवारीत कळलं आणि खोलीत तिघींनी अर्धा तास कुणाशीच बोललो नाही. पूर्वीच्या पेपरांवर सराव करत असाल तर हे लक्षात ठेवा, २०२२ ते २०२४ चे पेपर २०० मिनिटांचे आहेत, ते सोडवताना घड्याळ १८० लाच थांबवायचं.

बोर्डातून आलेल्यांची एक वेगळी अडचण असते जी क्लासवाले नीट सांगत नाहीत. आपल्या बारावीच्या केमिस्ट्रीच्या पुस्तकात पहिलाच धडा सॉलिड स्टेट, तो नीटच्या सिलॅबसमधून २०२४ लाच गेलाय. सरफेस केमिस्ट्री गेली, पॉलिमर गेले. दुसऱ्या बाजूला आपल्याकडं रोटेशनल डायनॅमिक्स, ऑसिलेशन्स, थर्मोडायनॅमिक्स बारावीला आहेत आणि एनसीईआरटीत हेच धडे अकरावीच्या पुस्तकात, त्यामुळं "अकरावीचं झालं, आता बारावीचं" असा हिशोब करणारा माणूस फसतो. एनएमसीची (नॅशनल मेडिकल कमिशन, सिलॅबस तेच ठरवतं) सिलॅबसची पीडीएफ घ्या, प्रिंट काढा, आणि एनसीईआरटीच्या दोन्ही वर्षांच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या सगळ्या भागांच्या, अनुक्रमणिकेशी एकेक धडा जुळवून टिक करा. एक संध्याकाळ जाते. मी हे पहिल्या वर्षी केलं नव्हतं आणि सॉलिड स्टेटची पॅकिंग एफिशियन्सी दोन दिवस घोकली होती, त्या दोन दिवसांचं अजून वाईट वाटतं.

बायोसाठी एनसीईआरटी ओळ न ओळ वाचा असं सगळे सांगतात, पण वाचा म्हणजे काय ते कुणी दाखवत नाही. मी पाच वेळा वाचून पहिल्या वर्षी बायोत २६० वर अडकले होते. नंतर बदललं ते असं. किडनीचा धडा घ्या. त्यात लिहिलंय की गाळण्याचा वेग निरोगी माणसात मिनिटाला साधारण १२५ मिली, म्हणजे दिवसाला १८० लिटर. पूर्वी मी यावर पिवळं मार्कर फिरवून पुढं जायचे. आता वहीत १२५ गुणिले ६० गुणिले २४ करून बघितलं, १,८०,००० मिली, बरोबर १८० लिटर. मग विचारलं, लघवी तर दिवसाला दीड लिटरच होते, बाकीचं गेलं कुठं? पुढच्याच ओळीत आहे, ९९ टक्के परत शोषलं जातं. हृदयाच्या धड्यात तसंच, एका ठोक्याला ७० मिली, मिनिटाला ७२ ठोके, गुणाकार ५०४०, म्हणून पुस्तक म्हणतं साधारण ५ लिटर. आणि एक ठोका ०.८ सेकंदाचा का, तर ६० भागिले ७२ करून बघा. असं केलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत, ते एकमेकांना धरून राहतात, आणि नीटवाल्यांनी त्यातला एक बदलून "अयोग्य विधान ओळखा" विचारलं की लगेच खटकतं. जिथं आकडे नाहीत तिथं उलटं करायचं, आकृती झाकायची आणि नावं कोऱ्या कागदावर लिहायची. एका बैठकीत एक धडा, त्याच रात्री त्या धड्यावरचे मागच्या दहा वर्षांचे प्रश्न, दुसऱ्या दिवशी नाही, त्याच रात्री.

केमिस्ट्रीचं फार काही सांगत नाही. इनऑरगॅनिक एनसीईआरटीतूनच, फिजिकलला रोज दहा गणितं, ऑरगॅनिकला रिॲक्शन लिहून लिहून. कॅल्क्युलेटरची सवय बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला लागते ती मात्र सोडा, हातानं भागाकार करता आला पाहिजे.

फिजिक्सचं लांबून सांगते कारण तिथंच माझं वर्ष पलटलं. मला सगळं यायला पाहिजे असा हट्ट मी सोडला. मागच्या पेपरांमधून मोजलं कुठल्या धड्यातून किती प्रश्न येतात, आणि करंट इलेक्ट्रिसिटी, ऑप्टिक्स, मॉडर्न फिजिक्स, सेमीकंडक्टर, थर्मो, युनिट्स-डायमेन्शन असे धडे आधी पक्के केले. रोटेशनमधली अवघड गणितं शेवटपर्यंत मला धड आली नाहीत, बेसिक तेवढी केली. सोडवताना एक नियम ठेवला, गणित बघून उत्तर बघायच्या आधी निदान पाच मिनिटं पेन चालला पाहिजे, चुकीचा चालला तरी चालेल. व्हिडिओ बघताना सगळं येतंय असं वाटतं हो, सर फळ्यावर सोडवतात आणि आपण मान डोलावतो, मान डोलावण्याला मार्क नाहीत.

चुकांची वही सगळे करायला सांगतात, मी केलेली सांगते. तीन कप्पे पाडले. एक, वाचलंच नव्हतं. दोन, वाचलेलं पण विसरले. तीन, येत होतं तरी चुकलं. प्रत्येक टेस्टनंतर चुकलेला प्रत्येक प्रश्न यातल्या एका कप्प्यात. मला वाटत होतं माझा पहिला कप्पा भरेल, आणि भरला तिसरा. "अयोग्य" हा शब्दच वाचलेला नसायचा, एकक बदलायचं राहायचं, प्रश्न ७३ चं उत्तर ७४ ला रंगवलेलं. तिसऱ्या कप्प्याला जास्त अभ्यास हे औषधच नाही, त्याला औषध म्हणजे पेपर, आणि तेपण खरा ओएमआर (गोल रंगवायची उत्तरपत्रिका) छापून काळ्या बॉलपेननं. झेरॉक्सवाल्याकडून ५० ओएमआर काढून आणा.

पेपर दुपारी २ ते ५ असतो. तुम्ही रोज त्या वेळेला काय करता? मी जेवून झोपायचे. मग मॉकला दुपारी साडेतीनला हमखास डोळे मिटायचे आणि मला वाटायचं फिजिक्स अवघड आहे म्हणून होतंय. जानेवारीपासून दर रविवारी २ ते ५ पेपर लावला, खोलीतला पंखा बंद करून, कारण मे महिना, सेंटर कुठलं मिळेल सांगता येत नाही, आणि लाईट जायचीच. हाताखाली रुमाल ठेवायचा, घामानं ओएमआर ओला होतो. हलकं जेवायचं, साडेबारापर्यंत, वरण-भात, बस. खोलीतल्या दोघी हसायच्या, पण एप्रिलमध्ये त्यापण बसायला लागल्या.

क्रम ज्याचा त्याचा. मी बायो ४५ मिनिटांत, मग केमिस्ट्री ५०, मग उरलेलं सगळं फिजिक्स आणि शेवटची दहा मिनिटं काही न करता फक्त गोल तपासायला. अंदाजे मारायचं की नाही यावर लोक भांडतात, हिशोब करून बघा ना. दोन पर्याय खोडता आले तर उरलेल्या दोनात मारल्यावर सरासरी दीड मार्क फायदा, मारायचंच. काहीच माहीत नाही आणि चारात आंधळं मारलं तरी हिशोबानं पाव मार्क वरच येतं, पण ते शेकडो प्रश्नांवर, तुमच्या दहा प्रश्नांवर ते वजा दहापण जाऊ शकतं. मी एक पर्याय तरी खोडता आला तरच हात लावायचे.

मराठीतून पेपर द्यावा का असं बरेच जण विचारतात. नीटला मराठी हा पर्याय आहे, प्रश्न इंग्रजी आणि मराठी दोन्हीत येतात, आणि दोन्हीत फरक पडला तर इंग्रजीतलं खरं धरतात. पण अकरावी-बारावी सायन्स आपण इंग्रजीत केलेलं असतं, आणि मायटोकॉन्ड्रियाला तंतुकणिका आणि क्लोरोप्लास्टला हरितलवक म्हणतात हे दहावीनंतर कुणाच्या डोक्यात राहिलेलं नसतं. मराठीचा अभिमान मलापण आहे, पण फॉर्ममध्ये इंग्रजी टाकलं. तुमची वाक्यं इंग्रजीत अडत असतील, शब्द नाही, तर मराठी घ्या, मदत होते, पण मग दोन-चार मॉक तसेच द्या.

आता जे कुणी सांगत नाही ते, कागद. माझ्या मते हे अभ्यासाइतकंच मोठं आहे आणि हे नोव्हेंबरात करायचं असतं, जूनमध्ये नाही.

राज्याच्या ८५ टक्के सीटसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि डोमिसाईल (रहिवासी दाखला) पाहिजे. उरलेल्या १५ टक्के ऑल इंडिया सीट दिल्लीची एमसीसी, म्हणजे केंद्राची प्रवेश समिती, भरते, तिकडं अख्खा देश असतो. पूर्वी मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र असा ७०-३० चा भाग होता, तो २०२० ला गेला, तेव्हा आता गडचिरोलीची मुलगी आणि मुंबईची मुलगी एकाच यादीत. आरक्षणातून जाणाऱ्यांना जातीचा दाखला, जात वैधता, आणि लागू असेल तिथं नॉन क्रिमीलेअर. क्रिमीलेअरची तारीख बघा, तो ३१ मार्चला संपतो, मुदत संपलेला घेऊन जाल तर खिडकीवरून परत.

आमची जात राज्यात एनटी-सी (भटक्या जमाती क) आणि केंद्राच्या यादीत ओबीसी. नीटचा फॉर्म केंद्राचा, त्यात एनटी-सी असा पर्यायच दिसत नाही, मग गावाकडची कितीतरी पोरं घाबरून जनरल टाकतात. केंद्राच्या ओबीसी यादीत आपली जात आहे का बघायचं, असेल तर ओबीसी-एनसीएल (नॉन क्रिमीलेअरवाला ओबीसी), आणि त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला तहसीलमधून काढून ठेवायचा. एसईबीसीवाल्यांचं (मराठा आरक्षण) उलटं, राज्यात १० टक्के आरक्षण आहे पण केंद्रात ते चालत नाही. फी मध्येपण फरक पडतो, माझ्या वर्षी जनरलला १७०० आणि ओबीसीला १६०० होती.

वैधतेचं थोडं सविस्तर. अर्ज खरं तर अकरावी-बारावीला कॉलेजमार्फतच करायचा असतो. वडिलांची किंवा चुलत्यांची वैधता असेल तर सोपं जातं, आमच्या घरात कुणाचीच नव्हती. मग जुना पुरावा, तोपण आमच्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७, एससीला १० ऑगस्ट १९५०. मी आणि पप्पा आजोबांच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो, हेडमास्तरांनी गंजलेली पत्र्याची पेटी उघडली, वरची तीन रजिस्टरं वाळवीनं खाल्लेली, चौथ्यात आजोबांचं नाव सापडलं. शाईचं, तिरकं, पुढं जात लिहिलेली, आणि शाळा सोडल्याचं कारण म्हणून "मेंढरामागे". पप्पा बराच वेळ ते पान धरून उभे होते. त्या पानाचा सहीशिक्क्याचा उतारा घेतला, तहसीलमधून कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) नक्कल काढली, तरी समितीकडून हातात कागद यायला महिने गेले. हे नीटच्या निकालानंतर सुरू केलं असतं तर सीट गेलीच होती.

नावाचं एक बघा. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी आणि आडनाव शेवटी. स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडचं तिकडं असतंच. फॉर्म दहावीच्या मार्कशीटप्रमाणं भरायचा आणि आधारची दुरुस्ती फॉर्म सुरू व्हायच्या आधी करून घ्यायची, फेब्रुवारीत आधार केंद्रावर नीटवाल्यांचीच रांग असते.

पैशाचं सांगायचं तर ओबीसी, भटके, एसबीसी यांच्यासाठी महाज्योती आहे, दहावीनंतर अर्ज केला तर नीटचं ऑनलाईन कोचिंग आणि टॅब मिळतो, धाकट्या भावंडांसाठी लक्षात ठेवा. आणि ॲडमिशननंतर २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर कॅपमधून (सरकारी प्रवेश फेऱ्या) मिळालेल्या सीटची शिक्षण फी पूर्ण माफ आहे, अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. खाजगी कॉलेज नको म्हणून सरसकट काट मारणाऱ्या मुलींनी हे वाचून मग पसंतीक्रम भरा. हॉस्टेल आणि मेसचा खर्च वेगळा धरा.

पेपरच्या दिवशी अर्ध्या बाह्यांचा साधा ड्रेस, चप्पल, केसांना साधा रबर. कानातलं, पैंजण, हातातला गंडा घरीच. पेन सेंटरवर देतात. ॲडमिट कार्डवर पोस्टकार्ड साईजचा फोटो चिकटवून न्यायचा, सही मात्र आत पर्यवेक्षकांसमोर. दीडला गेट बंद होतं म्हणजे होतंच, माझ्या सेंटरवर एक मुलगा १ वाजून ३३ मिनिटांनी पळत आला, त्याची आई गेटला धरून रडत होती, मला आत बसून पहिली पाच मिनिटं तेच दिसत होतं.

निकालानंतर दोन ठिकाणी नाव नोंदवायचं, एमसीसी आणि राज्याचं सीईटी सेल. पसंतीक्रम भरताना "आपल्याला काय मिळेल" असा विचार करू नका, "मला कुठं जायचंय" असा करा, केईएम, जेजे, बीजे ही मुंबई-पुण्याची मोठी कॉलेजं वर टाकल्यानं खालची सीट कापली जात नाही. पण जिथं जाणारच नाही ते कॉलेज टाकू नका. एमसीसीत पहिल्या राऊंडची सीट सोडली तर काही जात नाही, दुसऱ्यापासून डिपॉझिट जातं. राज्यात सीट घेताना स्टेटस रिटेन्शन नावाचा फॉर्म समोर ठेवतात, तो भरला की पुढच्या राऊंडला तुमचं नाव धरत नाहीत. घाईत, गर्दीत, "इथं सही करा" म्हटलं की सही करू नका, वाचा. आणि सरकारी सीट घेताना शिकून झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवेचा बॉण्ड असतो हे घरी आधीच सांगून ठेवा.

सीट नाही लागली तर? दुसरं काहीतरी आधीच भरून ठेवलेलं असू द्या. त्याच नीटच्या मार्कांवर बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस, फिजिओथेरपी होतं, व्हेटर्नरीची प्रक्रिया नागपूरच्या माफसूकडं वेगळी चालते. सीईटीचा पीसीबी ग्रुपपण द्या, त्याला निगेटिव्ह नाही, फार्मसी आणि ॲग्री तिथून होतं. माझी एक रूममेट व्हेटर्नरीला गेली, परवा तिनं गाभण म्हशीच्या तपासणीचा व्हिडिओ पाठवला होता, आमच्या तिघींत सगळ्यात खूश तीच दिसते.

शेवटचं, आणि पार्शल ड्रॉपवाल्यांचंच. तुमची एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) बीएस्सीच्या कॉलेजात जमा असते. सीट लागल्यावर तिथलं ॲडमिशन रद्द करून नवीन दाखला काढावा लागतो आणि हजर व्हायला हातात मोजून चार-पाच दिवस असतात. माझ्या वेळी क्लार्क म्हणाले सरांची सही पाहिजे, सर मीटिंगला गेलेत, उद्या या. उद्या सुट्टी. मग लायब्ररीचं नो ड्यूज राहिलंय. मग वर्षाची फी बाकी दाखवतेय. यूजीसीनं २०१८ लाच सांगितलंय की मुलांची मूळ कागदपत्रं कॉलेजनं अडकवून ठेवायची नाहीत, ते प्रिंट करून नेलं, फार फरक पडला नाही, फरक पडला तो एचओडी मॅडम स्वतः ऑफिसात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा. दाखला हातात आला चार वाजून चाळीस मिनिटांनी, बस सव्वापाचची. तेव्हा नीटचा निकाल लागला की त्याच आठवड्यात लायब्ररीची पुस्तकं परत करा, नो ड्यूज करून ठेवा, फीची पावती शोधून ठेवा, मेडिकल फिटनेसच्या सर्टिफिकेटचा नमुना माहितीपुस्तिकेतून छापून डॉक्टरांची सही घ्या, सगळ्याच्या पाच पाच झेरॉक्स. आणि दहावीचं मार्कशीट कुणी लॅमिनेट करायला निघालं असेल तर थांबवा, माझं मामानं हौसेनं केलेलं होतं, खिडकीतल्या मॅडमनी ते उन्हात तिरकं धरून दोन मिनिटं बघितलं आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, हे खरंय ना गं?